गॉथिक ब्लॅकलेटर: इंग्रजी मथळ्यासाठी निवड, मांडणी आणि छपाई

इंदुरातील मराठी संस्थांची निमंत्रणे, सन्मानपत्रे आणि फलक बहुधा मराठी, हिंदी आणि इंग्रजी अशा तीन भाषांत निघतात, आणि त्यांतील इंग्रजी ओळीला भारदस्तपणा यावा म्हणून तिला अनेकदा गॉथिक ब्लॅकलेटर, म्हणजे मध्ययुगीन युरोपातील हस्तलिखितांसारखे जाड, टोकदार वळण दिले जाते. हेच वळण नाताळच्या सुमारास केकच्या खोक्यांवर, विजयनगरमधील एखाद्या कॅफेच्या पाटीवर आणि महाविद्यालयीन रॉक बँडच्या पोस्टरवरही दिसते. वळण देखणे आहे, पण ते कसेही लावून चालत नाही. साध्या रोमन अक्षरांत किरकोळ ठरणारी चूक येथे संपूर्ण नाव वाचता न येण्यापर्यंत जाते. म्हणून ही अक्षरे निवडताना, मांडताना, देवनागरीशेजारी बसवताना आणि छापखान्यात देताना काय पाहावे, याची माहिती येथे दिली आहे.

सर्वप्रथम एक गोष्ट पक्की ध्यानात घ्यावी, कारण पुढील जवळजवळ सगळे नियम तिच्यातूनच निघतात. चांगल्या ब्लॅकलेटरमध्ये काळ्या उभ्या दांडीची जाडी आणि दोन दांड्यांमधील पांढऱ्या फटीची रुंदी साधारण सारखी असते. जुन्या वाड्याच्या खिडकीतील गज आणि त्यांमधील मोकळी जागा जशी एकसारख्या अंतराने येते, तशीच अक्षराच्या पोटातील, दोन अक्षरांमधील आणि दोन शब्दांमधीलही पांढरी जागा येथे मोजून ठेवलेली असते. डोळा प्रत्येक अक्षर सुटे न पाहता हा काळा-पांढरा ताल पाहतो आणि त्यातून शब्द उचलतो. ताल बिघडला की शब्द हरवतो. त्यामुळे या वळणाचे काम करताना काळ्या रेघांपेक्षा पांढऱ्या फटींकडे अधिक लक्ष द्यावे लागते.

चार घराणी

ब्लॅकलेटरची ढोबळमानाने चार घराणी मानली जातात: टेक्स्टुरा, रोटुंडा, श्वाबाखर आणि फ्राक्टुर. यांतील टेक्स्टुरा सर्वांत कडक आहे. तिच्यात गोलाई जवळजवळ नसते आणि दांड्यांची टोके पत्त्यांतील चौकटच्या आकाराची असतात. योहान गुटेनबर्गने जर्मनीतील माइन्त्स शहरात १४५५च्या सुमारास पूर्ण केलेले बेचाळीस ओळींचे बायबल टेक्स्टुरातच आहे. त्या कामासाठी त्याने सुमारे २९० वेगवेगळे खिळे (छपाईचे धातूचे ठसे) वापरल्याचे मानले जाते. लॅटिन वर्णमाला इतकी लहान असताना इतके खिळे का लागले, याचे उत्तर वर सांगितलेल्या तालात आहे. एकाच अक्षराचे कमी-अधिक रुंदीचे नमुने, जोडाक्षरे आणि संक्षेपचिन्हे हाताशी असल्यामुळे त्याला प्रत्येक ओळ दोन्ही कडांना अचूक भिडवता आली आणि तरीही मधल्या फटी विस्कटू द्याव्या लागल्या नाहीत. संगणकावर ओळ ताणून दोन्ही कडांना भिडवणाऱ्याने हे आठवावे. खिळ्यांचे पर्याय नसतील, तर ब्लॅकलेटरची ओळ मध्यभागी किंवा डावीकडे ठेवावी आणि ताणू नये.

इंग्लंडमध्ये विल्यम कॅक्स्टनने १४७६ साली वेस्टमिन्स्टरला छापखाना आणला. त्याच्यामागे तो चालवणाऱ्या विन्किन द वर्डने टेक्स्टुरा अक्षरे मोठ्या प्रमाणावर वापरली, आणि १६११ची किंग जेम्स बायबलची पहिली आवृत्तीही ब्लॅकलेटरमध्येच छापली गेली. म्हणून या इंग्रजी शाखेला आज आपण ‘ओल्ड इंग्लिश’ या नावाने ओळखतो. भारतातील प्रमाणपत्रांवर दिसणारे वळण प्रामुख्याने हेच.

रोटुंडा इटली आणि स्पेनमध्ये रुळली. ती अधिक गोल व मोकळी असल्यामुळे वाचायला सोपी जाते, पण आपल्याकडे तिचे फॉन्ट फारसे कोणी वापरत नाही. श्वाबाखर पंधराव्या शतकाच्या अखेरीस जर्मनीत पुढे आली. फ्राक्टुरचा उगम सम्राट पहिला मॅक्सिमिलियन याच्यासाठी केलेल्या ग्रंथांत आहे: १५१३ची प्रार्थनापुस्तिका आणि १५१७चे ‘टॉयरडांक’ हे काव्य. फ्राक्टुरमध्ये दांड्या तुटक, काही रेघा वक्र आणि मोठी अक्षरे हत्तीच्या सोंडेसारख्या वळणांची असतात. जर्मन पुस्तके आणि वृत्तपत्रे चार शतके प्रामुख्याने याच वळणात निघाली. नात्सी राजवटीने आधी तिला राष्ट्रीय अक्षर म्हणून डोक्यावर घेतले आणि नंतर ३ जानेवारी १९४१ रोजी मार्टिन बोरमानच्या सहीच्या परिपत्रकाने तिला ‘ज्यू अक्षरे’ ठरवून सरकारी वापरातून काढून टाकले. या इतिहासाचा व्यावहारिक परिणाम पुढे येईल.

फॉन्ट शोधताना एक घोटाळा हमखास होतो. केवळ ‘गॉथिक’ हा शब्द टाकून शोधल्यास फ्रँकलिन गॉथिक, सेंच्युरी गॉथिक असे साध्या, बिनटोकांच्या अक्षरांचे फॉन्ट समोर येतात, कारण अमेरिकेत त्या प्रकारालाही हेच नाव पडले. शोध नेहमी ‘ब्लॅकलेटर’, ‘फ्राक्टुर’ किंवा ‘ओल्ड इंग्लिश’ या नावांनी घ्यावा.

फॉन्ट निवडताना

छापखान्यातील संगणकावर बहुधा ओल्ड इंग्लिश टेक्स्ट असतोच, कारण तो मायक्रोसॉफ्ट ऑफिससोबत येतो. सन्मानपत्रासाठी तो पुरेसा आहे, पण सर्वत्र दिसून दिसून त्याची नवलाई संपली आहे. त्याच जातीतील अमेरिकन टाइप फाउंडर्सचा १९०४चा क्लॉइस्टर ब्लॅक थोडा मोकळा वाटतो. फ्रेडरिक गाउडीचा १९२८चा गाउडी टेक्स्ट माझ्या मते या सर्वांत संयमित आहे, आणि त्याच्यासोबत लोंबार्डिक पद्धतीची गोलसर मोठी अक्षरेही वापरता येतात. ठसठशीत, दणकट फलक हवा असेल तर योहान क्रिस्टियान बाउअरचा १८५०चा फेट्टे फ्राक्टुर आहे. त्याचा रोख मुळातच जाहिरातीकडे आहे, त्यामुळे मानपत्रावर तो आरडाओरडा केल्यासारखा दिसतो.

विकत घ्यायचे नसेल तर गूगल फॉन्ट्सवर युनिफ्राक्टुर मागुंटिया, पिराटा वन, ग्रेंझे गोटिश आणि टेक्स्टुरिना हे फॉन्ट मुक्त परवान्याखाली मिळतात व व्यावसायिक कामातही चालतात. पिराटा वन मुद्दाम सोपा केलेला आहे आणि पडद्यावर बऱ्यापैकी वाचला जातो. ग्रेंझे गोटिशमध्ये बारीकपासून जाडपर्यंत अनेक वजने आहेत, ही ब्लॅकलेटरमध्ये दुर्मीळ सोय आहे. इतर संकेतस्थळांवरून उतरवलेल्या फुकट फॉन्टच्या बाबतीत परवान्याची फाइल उघडून वाचावी. त्यांतील पुष्कळ फॉन्ट केवळ वैयक्तिक वापरासाठी असतात, आणि दुकानाची पाटी हा वैयक्तिक वापर नव्हे.

फॉन्ट पसंत करण्यापूर्वी ज्या नावासाठी तो हवा आहे, नेमके तेच नाव त्यात टाइप करून पाहावे. फॉन्टच्या जाहिरातीतील शब्द निर्मात्याने निवडलेले असतात, ते नेहमीच सुंदर दिसतात. आपली आडनावे मात्र या वळणाची कसोटी पाहतात. फ्राक्टुरमधील मोठा ‘ए’ आपल्या डोळ्यांना ‘यू’सारखा दिसतो, म्हणून आपटे ‘उपटे’ होतात. ‘व्ही’ आणि ‘बी’ यांच्यात फरक इतका थोडा असतो की वैद्य ‘बैद्य’ होतात, आणि ‘जी’चा ‘एस’ वाचला गेल्याने गोखले ‘सोखले’ होतात. ‘आय’ आणि ‘जे’ या मोठ्या अक्षरांना तर बहुसंख्य फ्राक्टुर फॉन्टमध्ये एकच रूप असते, त्यामुळे इंदूर हे नावसुद्धा परक्या वाचकाला ‘जंदूर’ वाटू शकते. लहान अक्षरांत ‘के’ हा ‘टी’सारखा, तर ‘एक्स’ हा ‘आर’सारखा दिसतो, आणि कुलकर्णी किंवा केळकर लिहिताना ते त्रासदायक ठरते. सन्मानपत्रावर ज्याचे नाव चुकीचे वाचले जाते त्याचा सन्मान अर्धा होतो, म्हणून व्यक्तींच्या नावांसाठी फ्राक्टुर टाळावी आणि ओल्ड इंग्लिश घराण्यातील फॉन्ट घ्यावा. त्याची मोठी अक्षरे रोमन रूपांच्या अधिक जवळ असतात. युनिफ्राक्टुर मागुंटियामध्ये काही अक्षरांची आधुनिक, सोपी रूपे पर्याय म्हणून दिलेली आहेत. फ्राक्टुरच हवी असेल तर ती रूपे चालू करून घ्यावीत.

दुसरी कसोटी ‘मुनीम’ या शब्दाची आहे. इंग्रजी लिपीत तो लिहिला की एम, यू, एन, आय, एम ही पाचही अक्षरे केवळ आखूड उभ्या दांड्यांची बनतात, आणि टेक्स्टुरामध्ये एकामागोमाग एक सारख्या दांड्यांची रांग उभी राहते. मध्ययुगीन लेखनिकांनाही हीच अडचण होती. ‘आय’च्या डोक्यावर खूण देण्याची रीत याच गोंधळातून आली. फॉन्टमध्ये ‘मुनीम’ निदान दुसऱ्या नजरेत वाचता येत असेल, तर इतर नावांना फारसा धोका नाही.

याखेरीज लांब ‘एस’ पाहावा. जुन्या नियमाने शब्दाच्या आरंभी व मध्ये लांब ‘एस’ आणि शेवटी गोल ‘एस’ येत असे. काही फॉन्ट हा बदल आपोआप करतात. भारतीय वाचक लांब ‘एस’ला ‘एफ’ समजतो, म्हणून तो पर्याय बंदच ठेवावा. आकडे, रुपयाचे चिन्ह आणि अवतरणचिन्हे आहेत का तेही तपासावे. रुपयाचे चिन्ह बहुतेकांत नसते, आणि मग संगणक ते दुसऱ्याच फॉन्टमधून उचलून आणतो.

शब्द मांडताना

पहिला आणि न मोडायचा नियम असा की संपूर्ण शब्द मोठ्या अक्षरांत लिहू नये. ब्लॅकलेटरची मोठी अक्षरे एकेकटी शब्दाच्या आरंभी उभी राहण्यासाठी घडवलेली असतात. त्यांच्यात दुहेरी रेघा, गाठी आणि फुगीर पोटे असतात, आणि ती शेजारी शेजारी आली की दांड्यांचा ताल पूर्णपणे नाहीसा होतो. इंदूरचे नाव सगळ्या मोठ्या अक्षरांत या वळणात छापलेले फलक मी शहरात पाहिले आहेत, आणि ते वाचता येतात ते केवळ आपल्याला शहराचे नाव ठाऊक असते म्हणून. संस्थेच्या नावाची आद्याक्षरे, उदाहरणार्थ तीन-चार अक्षरांचे संक्षिप्त रूप, हा याच नियमाचा भाग आहे. ती साध्या रोमन अक्षरांत द्यावीत.

दुसरा नियम अक्षरांमधील अंतराचा. आजकाल मथळ्यातील अक्षरे विरळ करण्याची सवय सर्व मांडणीकारांना लागली आहे, आणि मोठ्या रोमन अक्षरांना ती शोभतेही. ब्लॅकलेटरमध्ये मात्र अक्षराबाहेरील फट अक्षराच्या पोटातील फटीएवढी असायला हवी, त्यामुळे अंतर वाढवले की शब्दाच्या जागी सुट्या चिन्हांची माळ उरते. अंतर शून्यावर ठेवावे, आणि फार मोठ्या आकारात ते थोडे कमीही करावे. जर्मन छापखान्यांत तिरप्या अक्षरांच्या अभावी एखाद्या शब्दावर भर देण्यासाठी फ्राक्टुर विरळ करीत, हे खरे आहे. परंतु तेथेही ‘सीएच’, ‘सीके’, ‘टीझेड’ ही जोडाक्षरे विरळ न करण्याचा कडक दंडक होता, आणि वाचकाचा डोळा त्या पद्धतीला सरावलेला होता.

दोन शब्दांमधील जागा लहान ‘आय’च्या रुंदीएवढी पुरते. ओळींमधील अंतरही साध्या अक्षरांपेक्षा कमी ठेवावे. वरच्या ओळीच्या खाली येणाऱ्या शेपट्या आणि खालच्या ओळीच्या वर जाणाऱ्या दांड्या एकमेकांना भिडणार नाहीत एवढेच पाहावे. मजकूर तीन-चार शब्दांपुरता असावा. सन्मानपत्रात केवळ शीर्षक ब्लॅकलेटरमध्ये, संस्थेचे नाव फार तर दुसऱ्या ओळीत, आणि बाकी सारे, म्हणजे व्यक्तीचे कार्य, दिनांक, स्थळ, सह्यांखालील पदे, साध्या पुस्तकी अक्षरांत असावे. दूरध्वनी क्रमांक आणि पत्ता या वळणात देणे म्हणजे तो न देण्यासारखेच आहे.

आकाराच्या बाबतीत, कागदावर अठरा पॉइंटांच्या खाली उतरू नये. ए-चार आकाराच्या सन्मानपत्रावर शीर्षकाला छत्तीस ते अठ्ठेचाळीस पॉइंट योग्य होतात. फलकांसाठी साइनबोर्ड करणाऱ्यांचा ठोकताळा असा आहे की साध्या अक्षराची एक इंच उंची दहा फुटांवरून आरामात वाचता येते. ब्लॅकलेटरसाठी ती दुप्पट धरावी. रस्त्यापलीकडून, समजा चाळीस फुटांवरून, दुकानाचे नाव वाचले जायला हवे असेल, तर लहान अक्षरे आठ इंचांची ठेवावी लागतील. तेवढी जागा पाटीवर नसेल तर हे वळण सोडून द्यावे, अक्षरे आडवी दाबून बसवू नयेत. दाबल्याने दांड्या बारीक होतात, आडव्या रेघा मात्र जाड राहतात, आणि पेनाच्या कटातून आलेले मूळ गणित कोसळते.

रंग दोनच असावेत. मध्ययुगीन हस्तलिखितांत काळ्या मजकुरात लाल आद्याक्षरे आणि लाल शीर्षके देत. गुटेनबर्गने बायबलच्या सुरुवातीच्या काही पानांवर लाल शीर्षके छापूनही पाहिली, पण पुढे ती हाताने भरण्यासाठी जागा सोडून दिली. पहिले अक्षर लाल आणि बाकी काळे, ही जोडी आजही न चुकणारी आहे. अक्षरांना सावली, उठाव किंवा सोनेरी चढउताराचा भरणा देऊ नये, कारण या सगळ्या करामती पांढऱ्या फटीच खातात.

देवनागरीच्या शेजारी

येथे इंदूरच्या मांडणीकाराची खरी परीक्षा आहे, आणि जर्मन किंवा इंग्रजी मार्गदर्शिका येथे उपयोगी पडत नाहीत. ब्लॅकलेटरचा ताल उभा आहे, तर देवनागरीत शिरोरेषेमुळे डोळा आडवा सरकतो. दोन्ही एकाच ओळीत आल्या की एकमेकींना छेद देतात. म्हणून इंग्रजी आणि मराठी शीर्षके स्वतंत्र ओळींत ठेवावीत, आणि त्यांच्यामध्ये निदान एका ओळीच्या उंचीएवढी मोकळी जागा सोडावी. मराठी संस्थेच्या पत्रकावर मराठी नाव वर आणि मोठे असावे, इंग्रजी खाली. ब्लॅकलेटर काळसर असल्यामुळे तिचा आकार लहान ठेवूनही ती उठून दिसते.

सोबतीला देवनागरी फॉन्ट दोन प्रकारे निवडता येतो. एक तर पूर्ण साधा, एकसारख्या जाडीचा, जसा ‘मुक्त’ नावाचा फॉन्ट. तो स्पर्धा करीत नाही. किंवा जाड-बारीक रेघांत ठळक फरक असलेला, जसा रोझा वन. त्याचा काळेपणा ब्लॅकलेटरच्या काळेपणाशी मिळतो. मानपत्राच्या मजकुरासाठी तिरो देवनागरी मराठी चांगला आहे, आणि त्यामागे इंदुरात एक विशेष कारण आहे. येथील बहुसंख्य संगणकांवर हिंदी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ येतात. मराठी वाचकाला ते लगेच खटकतात, आणि या फॉन्टमध्ये मराठी रूपे मुळातच बसवलेली आहेत.

आणखी एक स्थानिक अडचण कृतिदेवची आहे. मध्य प्रदेशातील छापखान्यांत हा फॉन्ट अजूनही सर्रास चालतो. त्यात देवनागरी आकार इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेले असतात. त्यामुळे संपूर्ण पानावर एकदम ब्लॅकलेटर फॉन्ट लावला गेला, तर मराठी मजकुराच्या जागी अर्थहीन इंग्रजी अक्षरांची गॉथिक रांग उमटते. ही चूक पटकन लक्षात येते, पण उलट दिशेची येत नाही: इंग्रजी नावावर चुकून कृतिदेव लागून दोन अक्षरे देवनागरी झाली, तर मुद्रितशोधकाच्या डोळ्यातून ती सुटू शकते. सोपा उपाय म्हणजे मराठी मजकूर युनिकोडमध्ये घ्यावा आणि इंग्रजी शीर्षक वेगळ्या चौकटीत ठेवावे.

देवनागरीलाच ब्लॅकलेटरसारखे रूप द्यावे, अशी मागणी पुष्कळदा येते. ती पुरी करता येते, पण इंग्रजी अक्षरांचे तुकडे कापून देवनागरीला चिकटवून नव्हे. दोन्ही लिप्या चपट्या टोकाच्या लेखणीतून आल्या आहेत, मात्र लेखणीचा कोन उलट आहे. लॅटिन अक्षरांत टाकाची कड डावीकडून उजवीकडे चढती असते. त्यामुळे खाली उजवीकडे उतरणाऱ्या तिरप्या रेघा जाड येतात आणि वर उजवीकडे चढणाऱ्या बारीक. देवनागरीसाठी बोरूचा कट याच्या विरुद्ध असतो, आणि जाड-बारीकही उलट पडतात. म्हणून इंग्रजीच्या कोनाने काढलेली देवनागरी वाचकाला का कोण जाणे परकी वाटते. आपला बोरू आपल्याच कोनात धरावा, शिरोरेषा अखंड ठेवावी, आणि ब्लॅकलेटरकडून फक्त दोन गोष्टी घ्याव्यात: दांडीच्या तळाशी चौकटीचे टोक आणि दांड्यांमधील सारखी फट. ‘राजवाडा’ या शब्दावर हे करून पाहावे. ज, व आणि तीन काने मिळून पाच उभ्या दांड्या हाती लागतात आणि ताल सहज जमतो. ‘र’ आणि ‘ड’ यांना पूर्ण दंड नसल्यामुळे तेथे तो तुटतो, आणि या दोन अक्षरांची पोटे अरुंद करून ती खोट भरून काढावी लागते. ट, ठ, ढ, द, ह या अक्षरांनी भरलेला शब्द असेल, तर हा प्रयोग न केलेला बरा. आणि होळकरकालीन वातावरण हवे असेल तर गॉथिकच्या वाटेला जाण्याचेही कारण नाही. त्या काळच्या दफ्तराची लिपी मोडी होती, २०१४ सालापासून ती युनिकोडमध्ये आहे, आणि शीर्षकापुरते तिचे वळण कितीतरी अधिक समर्पक ठरते.

हाताने काढायचे असल्यास

फॉन्ट न वापरता अक्षर स्वतः काढण्याचा फायदा असा की नेमक्या शब्दासाठी फटी जुळवता येतात. पाच मिलिमीटर रुंदीचा चपटा टाक घ्यावा. लहान अक्षराची उंची टाकाच्या पाच रुंदींएवढी, म्हणजे पंचवीस मिलिमीटर, आखून घ्यावी, आणि वर व खाली आणखी दोन-दोन रुंदींच्या रेषा माराव्यात. टाकाची कड आखलेल्या रेषेशी सुमारे पंचेचाळीस अंशांत धरून तो कोन शेवटपर्यंत बदलू नये. आधी एक छोटी तिरपी चौकट, तिच्यापासून सरळ खाली दांडी, तळाशी पुन्हा चौकट, असा एकच दंड पानभर काढावा, आणि दोन दंडांमध्ये टाकाच्या रुंदीएवढीच जागा सोडावी. मग त्याच दंडांतून एन, एम, यू, आय तयार करावेत. मोठी अक्षरे सर्वांत शेवटी घ्यावीत. डोळे अर्धवट मिटून पाहिल्यावर पान एकसारखे करडे दिसले पाहिजे. कोठे काळा डाग किंवा पांढरे भोक दिसले, तर तेथील फट चुकली आहे. कागद उलटा धरूनही ही तपासणी करता येते, कारण तेव्हा अर्थ आड येत नाही.

कोठे लावावे, कोठे लावू नये

न्यूयॉर्क टाइम्स आणि लंडनचा डेली टेलिग्राफ यांची शीर्षके ब्लॅकलेटरमध्ये आहेत, जर्मन मद्यांच्या बाटल्यांवर ती दिसते, मोटरहेडसारख्या बँडने ती हेवी मेटलशी जोडली, आणि अमेरिकेतील मेक्सिकन वस्त्यांतून ती गोंदणात व कपड्यांवर गेली. म्हणजे प्रतिष्ठा आणि बंडखोरी हे दोन्ही सूर तिच्यात आहेत, आणि शेजारील चित्र, रंग व कागद यांवरून वाचक त्यांतील एक निवडतो. सन्मानपत्रावर हातकागदासारखा पांढरट कागद आणि बारीक किनार असावी. बँडच्या पोस्टरवर तीच अक्षरे काळ्यावर पांढरी चालतात. गांधी हॉलमधील कार्यक्रमाच्या निमंत्रणावर १९०४च्या त्या इमारतीचे कमानदार रेखाचित्र असेल, तर मात्र अक्षरे साधी ठेवावीत. चित्राने जे सांगितले ते अक्षरांनी पुन्हा सांगण्याची गरज नसते.

जर्मनीत १९३०च्या दशकात टॅनेनबर्गसारखी वक्ररेषा काढून टाकलेली, यंत्रासारखी कडक ब्लॅकलेटर अक्षरे निघाली, आणि ती त्या राजवटीच्या प्रचाराशी कायमची जोडली गेली. मिरवणुका, राजकीय फलक किंवा तरुणांच्या संघटनांची चिन्हे यांसाठी त्या जातीचे फॉन्ट वापरू नयेत. आपला हेतू निर्मळ असला तरी परदेशात शिकणाऱ्या मुलांच्या मोबाइलवर ते छायाचित्र पोचते आणि त्याचा अर्थ वेगळाच लागतो.

समाजमाध्यमांवर नाव ‘गॉथिक’ करून देणारी जी साधने मिळतात, ती फॉन्ट लावत नाहीत. ती गणितातील फ्राक्टुर चिन्हे अक्षरांच्या जागी ठेवतात. असे नाव शोधात सापडत नाही, आणि अंध व्यक्तींसाठी मजकूर वाचून दाखवणारी साधने ते वाचत नाहीत किंवा एकेक चिन्ह उच्चारत बसतात. संस्थेच्या पानाचे नाव साधेच टाइप करावे आणि ब्लॅकलेटर शीर्षक चित्र म्हणून लावावे.

छापखान्यात देताना

ऑफसेट आणि चांगल्या डिजिटल छपाईत ही अक्षरे स्वच्छ उमटतात. सोनेरी फॉइलमध्ये मात्र बारीक केशरेघा तुटतात आणि अरुंद फटी भरून येतात. सर्वांत बारीक रेघ आणि सर्वांत अरुंद फट, दोन्ही निदान ०.३ मिलिमीटर असाव्यात, असा ठोकताळा धरावा, आणि फॉइलचा ब्लॉक करणाऱ्याकडून एक नमुना आधी काढून घ्यावा. काळ्या जमिनीवर पांढरी अक्षरे छापताना शाई आत पसरते, म्हणून तेथे थोडे जाड वजनाचे अक्षर घ्यावे. फ्लेक्सवर जवळून पाहिल्यास कडा फाटलेल्या दिसतात, पण दूरच्या फलकाला त्याने बाधा येत नाही. पितळी स्मृतिचिन्हावर लेसरने कोरताना चौकटीची टोके छान उठतात. भरतकामात ती गोल होतात, त्यामुळे टोप्या किंवा टी-शर्टांवर अक्षर दोन इंचांपेक्षा लहान घेऊ नये.

फाइल देण्यापूर्वी कोरल ड्रॉ या मांडणीच्या प्रणालीत शीर्षक कर्व्हमध्ये, म्हणजे फॉन्टवर अवलंबून नसलेल्या रेखाकृतीत, बदलावे, कारण छापखान्याच्या संगणकावर तो फॉन्ट नसेल तर त्याच्या जागी दुसराच बसतो आणि मांडणी सरकते. बदलण्याआधीची, दुरुस्त करता येणारी प्रत वेगळ्या नावाने जपून ठेवावी. एकदा कर्व्ह झालेल्या अक्षरांत नावाची चूक सुधारता येत नाही. अंतिम मंजुरी मोबाइलवर आलेल्या चित्रावरून देऊ नये. प्रत्यक्ष मापाचा छापील नमुना मागवावा, आणि ज्याला मजकूर आधीपासून ठाऊक नाही अशा एखाद्याला तो हातभर अंतरावरून मोठ्याने वाचायला सांगावे. तो एखाद्या आडनावावर अडखळला, तर शीर्षक तसेच ठेवून ते आडनाव साध्या अक्षरांत घ्यावे.